अविवाहित जोडीदारांसाठी ब्रिटनचा व्हिसा : नियम, पुरावे आणि अधिकृत सल्लागाराची निवड

नवी दिल्ली : विवाह न करता एकत्र आयुष्य घालवण्याचा निर्णय घेतलेल्या जोडप्यांना परदेशात एकत्र राहता यावे, यासाठी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड या देशांच्या कायद्यांत स्वतंत्र तरतूद आहे. या तरतुदीचा लाभ घेताना विवाह प्रमाणपत्राचा आधार नसतो. नाते खरे व टिकाऊ आहे हे अन्य कागदपत्रांनी सिद्ध करावे लागते. त्यामुळे अनेक अर्जदार व्यावसायिक मदत घेतात. योग्य सल्लागार मिळाल्यास अर्जातील उणिवा वेळीच दूर होतात. चुकीच्या व्यक्तीच्या हाती अर्ज गेल्यास मात्र मोठे शुल्क वाया जाते, दोघांची ताटातूट लांबते आणि खोट्या कागदपत्रांचा डाग अर्जदाराच्या नावावर कायम राहतो. भारतीय अर्जदारांच्या दृष्टीने प्रामुख्याने ब्रिटनमधील नियम, लागणारे पुरावे आणि सल्लागार निवडताना घ्यावयाची काळजी यांचा हा आढावा.

विषयाचे भारतीय संदर्भ

लिव्ह-इन नाते भारतात गुन्हा नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्यात ‘विवाहसदृश नाते’ ही संकल्पना आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मधील डी. वेलुसामी आणि २०१३ मधील इंद्रा सरमा या प्रकरणांत तिचे निकष स्पष्ट केले. तरीही अशा नात्याची नोंद करणारी देशव्यापी व्यवस्था नाही. उत्तराखंडमध्ये २७ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या समान नागरी संहितेने तेथे लिव्ह-इन नात्याची नोंदणी बंधनकारक केली आहे. अन्य राज्यांतील जोडप्यांना नात्याचा पुरावा स्वतःच उभा करावा लागतो.

समलिंगी जोडप्यांसाठी या मार्गाचे महत्त्व अधिक आहे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुप्रियो प्रकरणात समलिंगी विवाहास कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला. भारतात विवाह करता येत नसला, तरी ब्रिटनच्या नियमांत अविवाहित जोडीदार या व्याख्येत समलिंगी जोडपीही येतात. आंतरजातीय वा आंतरधर्मीय संबंधांमुळे घरच्यांचा विरोध असलेल्या आणि विशेष विवाह कायदा, १९५४ अंतर्गत तीस दिवसांच्या जाहीर नोटिशीची धास्ती वाटणाऱ्या जोडप्यांचाही ओढा या मार्गाकडे असू शकतो.

ब्रिटनचा नियम काय सांगतो

ब्रिटनमधील कौटुंबिक व्हिसाचे नियम स्थलांतर नियमावलीच्या ‘अपेंडिक्स एफएम’ या परिशिष्टात आहेत. ते ९ जुलै २०१२ पासून लागू झाले. ब्रिटिश नागरिक किंवा तेथे कायम वास्तव्याचा अधिकार असलेली व्यक्ती आपल्या अविवाहित जोडीदाराला या मार्गाने बोलावू शकते. दोघांचेही वय किमान १८ वर्षे असणे आवश्यक आहे.

पूर्वी अविवाहित जोडप्याने अर्जाआधी किमान दोन वर्षे एकत्र राहिल्याचे दाखवावे लागे. ३१ जानेवारी २०२४ पासून ही अट बदलली. आता विवाहसदृश, टिकाऊ नाते किमान दोन वर्षे असल्याचे सिद्ध करणे पुरेसे आहे. एकाच छताखाली राहणे अनिवार्य नाही. नोकरी वा शिक्षणामुळे दोघे वेगवेगळ्या ठिकाणी असतील, किंवा विवाहापूर्वी एकत्र राहणे त्यांच्या समाजात मान्य नसेल, तर तसे कारण देता येते. पुणे व लंडन अशा दोन शहरांत राहून नाते जपणाऱ्या जोडप्यांसाठी हा बदल महत्त्वाचा आहे. मात्र जुन्या नियमाच्या आधारे ‘दोन वर्षे एकत्र राहिल्याशिवाय अर्जच करता येत नाही’ असे सांगणारा सल्लागार आढळल्यास त्याची माहिती अद्ययावत नाही, हे अर्जदाराने ओळखावे.

दुसरी मोठी अट उत्पन्नाची. ११ एप्रिल २०२४ पासून किमान वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १८,६०० पौंडांवरून २९,००० पौंड करण्यात आली. अर्जदार भारतातून अर्ज करत असल्यास त्याचा भारतातील पगार या हिशेबात धरला जात नाही. ब्रिटनमधील जोडीदाराचे उत्पन्न पाहिले जाते. उत्पन्न नसल्यास केवळ बचतीच्या आधारे अर्ज करता येतो. त्यासाठी ८८,५०० पौंडांची रक्कम किमान सहा महिने खात्यात असावी लागते. ही बचत दोघांपैकी कोणाचीही किंवा संयुक्त असू शकते. ब्रिटनमधील जोडीदाराला अपंगत्वाशी किंवा रुग्णाच्या देखभालीशी संबंधित ठरावीक भत्ते मिळत असतील, तर उत्पन्नाची ही मर्यादा लागू होत नाही. त्याऐवजी निर्वाहाची पुरेशी सोय असल्याचे दाखवावे लागते.

भारतीय अर्जदारांना इंग्रजीची किमान ए-१ पातळी सिद्ध करावी लागते. त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेची परीक्षा देता येते किंवा इंग्रजी माध्यमातून घेतलेल्या पदवीचे ‘एक्टिस’ या ब्रिटिश संस्थेकडून मूल्यांकन करून घेता येते. भारतात राहणाऱ्यांना मान्यताप्राप्त केंद्रातून क्षयरोग तपासणीचे प्रमाणपत्रही सादर करावे लागते.

९ एप्रिल २०२५ रोजी लागू झालेल्या दरांनुसार ब्रिटनबाहेरून करावयाच्या अर्जाचे शुल्क १,९३८ पौंड होते. याशिवाय आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढांसाठी वर्षाला १,०३५ पौंड असून या व्हिसाच्या कालावधीसाठी ३,१०५ पौंड होतो. अर्ज नाकारला गेल्यास आरोग्य अधिभार परत मिळतो, अर्जाचे शुल्क मिळत नाही. शुल्काचे दर वेळोवेळी बदलत असल्याने अर्ज भरण्याच्या दिवशी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर ते तपासणे हिताचे.

व्हिसा मंजूर झाल्यास प्रथम ३३ महिन्यांसाठी प्रवेश मिळतो व नोकरी करण्याची मुभा असते. पुढे मुदतवाढ घेऊन साधारणपणे पाच वर्षांनी कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. ब्रिटनमध्ये जाऊन सहा महिन्यांत विवाह करायचा असल्यास ‘फियान्से’ व्हिसा हा स्वतंत्र पर्याय आहे. त्यावर मात्र विवाहानंतर पुढील परवाना मिळेपर्यंत नोकरी करता येत नाही.

ब्रिटनमध्ये कामाच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर असलेल्यांचे जोडीदार या मार्गाने जात नाहीत. त्यांना ‘डिपेंडंट’ म्हणून वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्याच्या अटी वेगळ्या आहेत. १ जानेवारी २०२४ पासून सुरू झालेल्या अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांपैकी, सरकारी शिष्यवृत्तीधारकांचा अपवाद वगळता, केवळ संशोधनप्रधान पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना जोडीदार आणता येतो. ११ मार्च २०२४ पासून नव्याने येणाऱ्या केअर वर्करनाही जोडीदार आणण्याची मुभा राहिलेली नाही. अर्ज कोणत्या मार्गात बसतो, हे ठरवणे हेच चांगल्या सल्लागाराचे पहिले काम होय.

पुरावे : भारतीय अर्जदारांची खरी अडचण

नात्याच्या पुराव्यात एकमेकांशी नियमित संपर्क, आर्थिक आधार, एकत्र केलेले प्रवास, कौटुंबिक प्रसंगांतील सहभाग, मुले असल्यास त्यांचे एकत्र संगोपन अशा बाबी पाहिल्या जातात. एकत्र राहत असल्यास दोघांच्या नावे असलेला भाडेकरार, वीजबिल, बँकेची पत्रे यांना वजन असते. हे पुरावे दोन वर्षांच्या संपूर्ण काळात विखुरलेले असावेत. अर्जाच्या आधीच्या एका महिन्यात जमवलेल्या कागदांच्या गठ्ठ्यापेक्षा दर काही महिन्यांचा एक असा सलग पुरावा अधिक विश्वासार्ह ठरतो.

भारतात येथेच अडचण येते. अविवाहित जोडप्याला घर देण्यास घरमालक वा गृहनिर्माण संस्था कचरतात. परिणामी करार एकाच्याच नावे होतो आणि दुसरा जोडीदार कागदोपत्री कोठेच नसतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. दोघांची नावे असलेला नोंदणीकृत करार हा भक्कम पुरावा असतो. म्हणून शक्य असेल तेथे करार करतानाच दोन्ही नावे घालण्याचा आग्रह धरावा. करार एकाच्या नावे असल्यास दुसऱ्याच्या पत्त्यावर आलेली बँकेची, विम्याची, कार्यालयाची पत्रे, घरखर्चासाठी एकमेकांच्या खात्यात पाठवलेली रक्कम, वारसनोंद यांचा आधार घेता येतो.

घरच्यांना नाते ठाऊक नसेल किंवा विरोध असेल, तर कुटुंबीयांची पत्रे व समारंभांतील छायाचित्रे मिळत नाहीत. ही उणीव लपवण्याऐवजी तिचे कारण निवेदनात सरळ सांगावे आणि मित्र, सहकारी यांची पत्रे जोडावीत. अशा प्रकरणात पत्रव्यवहार कोणत्या पत्त्यावर व्हावा, हेही सल्लागाराशी आधीच ठरवून घ्यावे. हजारो संदेशांची छापील पाने जोडण्याऐवजी कालक्रमाने निवडलेले मोजके नमुने द्यावेत. मराठी वा अन्य भारतीय भाषांतील कागदपत्रांसोबत प्रमाणित इंग्रजी भाषांतर आवश्यक असते.

दोघांपैकी कोणाचा पूर्वी विवाह झाला असल्यास तो संबंध कायमचा संपुष्टात आल्याचे दाखवावे लागते. घटस्फोटाचा हुकूमनामा असल्यास तो जोडावा. दावा प्रलंबित असल्यास ती वस्तुस्थिती दडवू नये. अशा अर्जासाठी अनुभवी वकिलाचा सल्ला घेणे शहाणपणाचे ठरते.

सल्ला देण्याचा अधिकार कोणाला

ब्रिटनमध्ये स्थलांतरविषयक सल्ला देण्यास इमिग्रेशन अँड असायलम ॲक्ट, १९९९ अन्वये पात्रता लागते. सॉलिसिटर, बॅरिस्टर यांसारखे व्यावसायिक आपापल्या नियामक संस्थांच्या अखत्यारीत हे काम करू शकतात. इतरांना सरकारी नियामकाकडे नोंदणी करावी लागते. या नियामकाचे नाव पूर्वी ‘ओआयएससी’ होते. १६ जानेवारी २०२५ पासून ते ‘इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटी’ असे झाले. सल्ला मोफत दिला तरी साधारणपणे ही अट लागू असते. अपात्र व्यक्तीने सल्ला देणे हा गुन्हा असून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

नोंदणीकृत सल्लागारांच्या तीन पातळ्या आहेत. पहिल्या पातळीवरील सल्लागार सरळ, नियमात बसणारे अर्ज हाताळतो. दुसऱ्या पातळीवर गुंतागुंतीची प्रकरणे येतात. तिसऱ्या पातळीवरील सल्लागार न्यायाधिकरणात बाजू मांडू शकतो. यापूर्वी अर्ज नाकारला गेला असेल किंवा उत्पन्नाची अट पूर्ण होत नसेल, तर पहिल्या पातळीचा सल्लागार पुरेसा नसतो. सल्लागाराचे नाव व पातळी नियामकाच्या संकेतस्थळावरील नोंदवहीत पाहता येते.

भारतीय अर्जदारांनी लक्षात घ्यावयाची बाब अशी, की ब्रिटनचा हा कायदा ब्रिटनमध्ये दिल्या जाणाऱ्या सल्ल्याला लागू होतो. मुंबई, नागपूर किंवा इंदूरमध्ये कार्यालय थाटलेला एजंट त्या नियामकाच्या कक्षेबाहेर असतो. भारताच्या उत्प्रवास कायदा, १९८३ नुसार होणारी एजंटांची नोंदणी परदेशातील नोकरभरतीसाठी आहे. ती असली म्हणून कौटुंबिक व्हिसाविषयी सल्ला देण्याचे प्रावीण्य सिद्ध होत नाही. तसेच व्हिसा अर्ज केंद्रे बोटांचे ठसे व कागदपत्रे स्वीकारण्याचे काम करतात. अर्जावरील निर्णय ब्रिटनच्या गृह विभागाचे अधिकारी घेतात. केंद्रातील कर्मचाऱ्यांचा त्याच्याशी संबंध नसतो.

अन्य देशांतील व्यवस्था

ऑस्ट्रेलियात अविवाहित जोडीदाराला ‘डी फॅक्टो’ म्हणतात. अर्जाआधी साधारणपणे बारा महिने असे नाते असावे लागते. काही राज्यांत नात्याची नोंदणी केल्यास या अटीतून सूट मिळते. आर्थिक व्यवहार, घरातील व्यवस्था, सामाजिक ओळख आणि परस्पर बांधिलकी या चार अंगांनी नाते तपासले जाते. १ जुलै २०२५ पासून बहुतेक अर्जदारांसाठी शुल्क ९,३६५ ऑस्ट्रेलियन डॉलर आहे. तेथे सल्लागाराची मायग्रेशन एजंट म्हणून नोंदणी असावी लागते. मार्च २०२१ पासून वकिली परवानाधारकांना ही नोंदणी आवश्यक नाही. ऑस्ट्रेलियाबाहेरील एजंटांवर मात्र नोंदणीचे बंधन नाही.

कॅनडात ‘कॉमन-लॉ’ जोडीदार ठरण्यासाठी किमान एक वर्ष सलग एकत्र राहिलेले असावे लागते. भारतात राहणाऱ्या जोडीदारासोबत खऱ्या अडथळ्यांमुळे एकत्र राहणे वा विवाह करणे शक्य नसल्यास ‘कॉन्जुगल’ जोडीदार हा वर्ग आहे. शुल्क घेऊन प्रतिनिधित्व करण्याची मुभा प्रामुख्याने वकील, क्युबेकचे नोटरी आणि ‘कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स’ या संस्थेचे परवानाधारक यांना आहे. एजंट कॅनडाबाहेर असला तरी हा नियम लागू होतो.

न्यूझीलंडच्या २००७ च्या कायद्यानेही परवान्याची अट देशाबाहेरील सल्लागारांना लागू केली आहे. परवाना नसलेल्या व सूट न मिळालेल्या व्यक्तीमार्फत आलेला अर्ज तेथे स्वीकारला जात नाही.

व्यावसायिक मदतीची व्याप्ती

चांगला सल्लागार प्रथम दोघांशी बोलून योग्य मार्ग ठरवतो, पुराव्यांतील पोकळ्या शोधतो, नात्याचा कालक्रम मांडणारे निवेदन तयार करण्यास मदत करतो, उत्पन्नाची कागदपत्रे नियमात सांगितलेल्या स्वरूपात आहेत की नाही हे तपासतो आणि प्रतिकूल बाबींचे स्पष्टीकरण देतो. उदाहरणार्थ, ब्रिटनमधील जोडीदार सहा महिन्यांहून अधिक काळ एकाच नोकरीत असल्यास सहा महिन्यांच्या पगारपत्रिका, त्याच महिन्यांची बँक विवरणे व मालकाचे पत्र लागते. नोकरी नुकतीच बदललेली असेल, तर मागील बारा महिन्यांचा हिशेब द्यावा लागतो. अशा वेळी अर्ज काही महिने पुढे ढकलण्याचा सल्लाही मोलाचा ठरतो.

सल्लागार व्हिसाची हमी देऊ शकत नाही. अर्जातील प्रत्येक विधानाची जबाबदारी अर्जदाराची राहते. प्रकरण सरळ असल्यास संपूर्ण प्रतिनिधित्व घेण्याची गरज नसते. अर्ज स्वतः भरून केवळ अंतिम तपासणीसाठी तज्ज्ञाचे शुल्क देणे हाही पर्याय उपलब्ध असतो.

नेमणुकीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

सल्लागाराचा नोंदणी क्रमांक व पातळी काय, अर्ज प्रत्यक्षात कोण हाताळणार, अविवाहित जोडीदारांचे किती अर्ज त्याने पाहिले आहेत, शुल्क ठरावीक आहे की तासावर, सरकारी शुल्क त्यात धरले आहे का, अर्ज नाकारला गेल्यास पुढील काम कोणत्या दराने होणार आणि तक्रार कोठे करावी, या प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. कामाची व्याप्ती व शुल्क नमूद करणारे करारपत्र हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. प्रत्येक रकमेची पावती घ्यावी व शक्यतो बँकेमार्फत व्यवहार करावा.

अर्जात ईमेल व दूरध्वनी क्रमांक स्वतःचा असावा. अर्जाचे खाते व पासवर्ड आपल्याला माहीत असावा. सादर करण्यापूर्वी पूर्ण अर्ज वाचावा आणि त्याची प्रत जपून ठेवावी. मूळ पासपोर्ट एजंटाकडे ठेवून घेण्याची कोणतीही आवश्यकता नसते.

धोक्याच्या खुणा

शंभर टक्के हमी, दूतावासात ओळख असल्याचा दावा, केवळ रोखीने शुल्क, नोंदणी क्रमांक सांगण्यास टाळाटाळ, कोऱ्या अर्जावर सही मागणे या खुणा दिसल्यास तेथून माघार घ्यावी. सर्वाधिक घातक सल्ला मागील तारखेचा भाडेकरार बनवण्याचा, बनावट छायाचित्रे जोडण्याचा किंवा कागदोपत्री विवाह उरकण्याचा असतो. नाते खरे असतानाही असा एक खोटा कागद संपूर्ण अर्ज बुडवू शकतो. कॅनडात चुकीची माहिती दिल्याचे आढळल्यास पाच वर्षे प्रवेशास अपात्र ठरवले जाते. ऑस्ट्रेलियात बनावट कागदपत्रांसाठी तीन वर्षे, तर ओळखीबाबतच्या फसवणुकीसाठी दहा वर्षे व्हिसा नाकारला जाऊ शकतो. ब्रिटनमध्ये फसवणूक हे अर्ज नाकारण्याचे कारण असून पर्यटनासारख्या अन्य मार्गांवर दहा वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. ‘एजंटाने केले, मला माहीत नव्हते’ ही सबब सहसा पुरेशी ठरत नाही.

नकार आला तर

ब्रिटनचा जोडीदार व्हिसा नाकारला गेल्यास सामान्यतः मानवी हक्कांच्या आधारे न्यायाधिकरणात अपील करता येते. देशाबाहेरील अर्जदारासाठी ही मुदत निर्णय मिळाल्यापासून २८ दिवसांची आहे. नकाराची कारणे दाखवणारे पत्र मिळताच पात्र सल्लागाराला दाखवावे. उणीव एखाद्या कागदापुरती असेल, तर अपिलापेक्षा नवा अर्ज जलद ठरू शकतो; नात्याच्या खरेपणावरच शंका घेतली गेली असल्यास अपिलाचा विचार करावा लागतो.

ब्रिटनमधील नोंदणीकृत सल्लागाराविरुद्ध तक्रार नियामकाकडे आणि इंग्लंड व वेल्समधील सॉलिसिटरच्या सेवेविषयीची तक्रार लीगल ओम्बुड्समनकडे करता येते. भारतातील एजंटाने फसवणूक केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली पोलिसांत तक्रार आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक आयोगाकडे दाद मागण्याचा मार्ग खुला आहे. दोन्ही ठिकाणी लेखी करार, पावत्या आणि संदेश हाच पुरावा असतो. त्यामुळे नात्याच्या पुराव्यांप्रमाणेच सल्लागाराशी झालेल्या व्यवहाराचे कागदही पहिल्या दिवसापासून जपून ठेवणे आवश्यक आहे.